वाचनालय वेशीबाहेर

६ नोव्हेंबर
शब्दकोशावर बोरिक पावडर! मोठ्या शब्दकोशावर, जो मी स्वतःसुद्धा हात धुऊन उघडते. कोरड्या फडक्याने पुसली तर पसरली, ओल्याने पुसली तर चिकटली. इतकी वर्षं ग्रंथपाल आहे या गावात. पुस्तकांना वाळवी लागलेली पाहिली, ओल पाहिली, एकदा कपाटातून नानेटी साप निघाला तोही पाहिला. कॅरमची पावडर हा प्रकार पहिलाच.

दिवाळीत समितीने ठराव केला. मागची खोली संध्याकाळी दहावी-बारावीच्या मुलांना द्यायची. अध्यक्ष तात्यांनी भाषण ठोकलं, तरुण पिढी वाचनालयाकडे वळली पाहिजे म्हणून. वळली. कॅरम घेऊन वळली.

८ नोव्हें.
आजचा धक्का: 'शांतता राखा' पाटी जागेवर नाही. सगळीकडे शोधली. संडासाच्या दारावर सापडली.

पाटी मी रंगवलेली, नोकरी लागली त्या वर्षी. मागे जाऊन विचारलं, कोणी केलं हे? सगळ्यांची डोकी पुस्तकांत. एरवी कधी नसतात. ऑल्विनने तर पुस्तक उलटं धरलं होतं. हा चर्चजवळच्या मार्थाबाईंचा नातू, बारावीत आहे. आवाज असा की साधं बोलला तरी भांडल्यासारखं वाटतं.

स्टुलावर चढून पाटी पुन्हा लावली. आता हात पोचणार नाही कोणाचा. (माझाही.)

११ नोव्हें.
दुर्वा म्हणून एक आहे, पुलाजवळच्या घरातली. दहावी. सगळ्या मुलींची पुढारी. आज माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.
"ताई, हंय हसलेला चालता?"
म्हटलं, हसायला कोण नको म्हणतंय? आवाज नको.
"आवाज नसलेला हसणा कसा असता, ता एकदा करून दाखवा मां."

मागच्या खोलीतून फिदीफिदी. आमच्या वेळी ग्रंथपालांच्या टेबलापर्यंत जायची छाती नव्हती आमची.

वाच.चा नळ गळतो. प्लंबरला तिसऱ्यांदा सांगणे.

१५ नोव्हें.
आज न सांगता मागच्या खोलीत गेले.

दोघी जमिनीवर पालथ्या पडून गणितं सोडवतायत. एकीच्या हातावर मेंदी चाललीय. ऑल्विन विजेच्या किटलीत नूडल्स शिजवतोय. किटली! पुस्तकांशेजारी! आणि खुर्चीवर उभी राहून दुर्वा जुन्या दिवाळी अंकातली भुताची गोष्ट घसा फोडून वाचतेय. तिचं एक वाक्य झालं की बाकीचे देवळातल्या गाऱ्हाण्यासारखे एका सुरात: "व्हय म्हाराजा!" पुन्हा वाक्य, पुन्हा व्हय म्हाराजा.

देवाला घालायचं गाऱ्हाणं, ते भुताला!

गावातले दाजी रोज पेपर वाचायला येतात. वाचतात म्हणजे तोंडावर पेपर घेऊन झोपतात, पण शांतपणे झोपतात. दचकून जागे झाले. "शालन, ह्यां वाचनालय की माशांचो बाजार?" लाज वाटली.

१६ नोव्हें.
किटली जप्त.

२० नोव्हें.
तात्यांकडे जाऊन आले. सगळं सांगितलं: पावडर, पाटी, नूडल्स, गाऱ्हाणं. शेवटी मी म्हणाले, एक तर खोली बंद करा, नाहीतर मला मोकळं करा. इतकं टोकाचं बोलायचं ठरवलं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.

तात्या सुपारी कातरत होते. "तुझ्या मनासारख्या करूया गो. गावपळण तोंडार इली हा, ती होवंदे. मगे माझ्यार सोड."

बरं वाटलं. घरी येऊन वहिनीला कौतुकाने सांगितलं, तर ती कांदा चिरता चिरता म्हणते, "वन्सं, तुमका इतकी शांतता होई तर मसणवट्यात जावन बसा. थंय कोण पाटीपण काढूचो नाय." बोलायला कोणाच्या बापाला भ्यायची नाही ती. मी जेवले नाही नीट. बांगड्याचं तिखलं होतं, तेवढं जेवले.

२९ नोव्हें.
देवाने कौल दिला. पुढच्या आठवड्यात गावपळण. तीन दिवस, तीन रात्री अख्खं गाव वेशीबाहेर. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं. मागे जिवंत काही ठेवायचं नाही. गाव देवाचं.

मागच्या गावपळणीला आमची एक कोंबडी खुराड्यात राहिली होती. वहिनीने वेशीवरून धावत परत येऊन आणली. अजून सांगते सगळ्यांना, जशी काय पोरच विसरले होते मी.

यादी: माडाच्या झावळ्यांची झापं आणि बांबू (दादा बघेल). तांदूळ, सुकी मासळी, चूल. वाच.ची कपाटं कुलूपबंद. खिडक्यांना खिळे.

४ डिसें.
मुलं आज चक्क गप्प. कॅरमचा आवाज नाही, नूडल्सचा वास नाही. नुसती कुजबुज. दुर्वा जाताना माझ्याकडे बघून थांबली आणि गेली. ऑल्विनने देवगडच्या काकांकडून आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणून मागे रचल्यात. कशाला ते विचारलं नाही. शांततेत विचारायचं जिवावर आलं. परीक्षा जवळ आली असेल, सुधारली असतील.

सुख म्हणतात ते हे.

७ डिसें. (वेशीबाहेर)
दुपारी देवळात ढोल वाजला, तसं गाव निघालं. पुढचं दार मी स्वतः लावलं, कुलूप दोनदा ओढून बघितलं, चावी कमरेला. पुलावर ही गर्दी: गाढ झोपलेली बाळं, ओरडणारे कोंबडे, टेम्पोत बसलेली म्हातारी माणसं. खाडीपलीकडच्या माळावर झापांच्या खोपी उभ्या. दादाने आमची खोप छान बांधलीय, फक्त दार पश्चिमेला, सगळं ऊन आत.

पाणी आणायला निघाले आणि जागच्या जागी थांबले. माळाच्या टोकाला एक खोप. तिच्या दारावर माझी पाटी. 'शांतता राखा'. तीच, माझ्या हातची! स्टुलावर चढून लावलेली!

आत गेले. आंब्याच्या पेट्या ओळीने मांडलेल्या, त्यांत पुस्तकं. माझ्या वाचनालयाची पुस्तकं. शिक्के ओळखीचे. दिवाळी अंकांचे गठ्ठे. मध्ये कॅरम. कपाटांना कुलपं पडायच्या आधीच मागच्या खोलीच्या दाराने काढली असणार, तिकडची चावी दुर्वाकडे असते. एकाही पुस्तकाची नोंद नाही. या वाच.तून आजवर एक पानसुद्धा नोंदीशिवाय बाहेर गेलेलं नाही!

माझा आवाज चढला असावा, कारण शेजारच्या खोपींतली माणसं बाहेर आली. दुर्वा शांत. "ताई, गावात जिता काय ठेवूचा नाय म्हणतत. कोंबडे हाडले, कुत्रे हाडले. मगे पुस्तकांच तेवडी एकटी कित्याक ठेवची?"

लोक हसले. दाजी सर्वांत मोठ्याने हसले. वहिनी म्हणाली, "बघा वन्सं, ह्या पोरीन कोंबडी विसरूक नाय." मी घागर उचलून निघून आले.

८ डिसें.
रात्रभर झोप नाही. सकाळी ठरवलं, जायचं, एकेक पुस्तक मोजून ताब्यात घ्यायचं. गेले.

तर खोपीत बसायला जागा नाही! बायका, म्हातारे, शाळेतली पोरं. आमच्या वाचनालयात वर्षभरात येत नाहीत इतकी माणसं. मार्थाबाईंना दिसत नाही, ऑल्विन त्यांना वाचून दाखवतोय, तेवढ्या आवाजात की पलीकडच्या गावालाही कळावं. खाडीत तिसऱ्या (शिंपल्या) काढायला गेलेल्या बायका ओल्या पायांनीच आल्या आणि दारात बसल्या. एक म्हणाली, "माका वाचूक येणा नाय, पण ऐकाक येता मां?" कोणी हटकलं नाही तिला. मीही नाही. पुस्तकांवर ओले हात लागतील असं मनात आलं, तेवढंच.

माझ्यासाठी खुर्ची होती. प्लास्टिकची, वर घडी घातलेली चादर. "ती ताईंची," म्हणून एकाला उठवलं दुर्वाने.

संध्याकाळी वाचून वाचून दुर्वाचा घसा बसला. गोष्ट अर्धी राहिली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नाही म्हटलं. दोनदा नाही म्हटलं. मग अंक घेतला हातात. पहिलं वाक्य वाचलं तेव्हा माझा आवाज मलाच परका वाटला, असा मोठा आवाज मी केव्हा काढला होता आठवत नाही. वाक्य संपलं आणि अख्खी खोप गरजली, "व्हय म्हाराजा!"

अंगावर काटा आला. मग हसू आलं, मोठ्याने. आवाजासकट.

९ डिसें.
आज फार लिहायचं आहे आणि लिहवत नाही.

दुपारी दुर्वाबरोबर विहिरीवर गेले. सहज विचारलं, रोज वाचनालयात कशाला येता गं, कॅरम तर कुठेही खेळता येतो.
"खंय?" ती म्हणाली. "पोरगे पुलार बसतत, जेटीर बसतत, दुकानाच्या कट्ट्यार बसतत. आमी खंय बसाचा? घराकडे बसला की आवस सांगता भांडी घास. रस्त्यार उभ्या ऱ्हवला की लोक इचारतत, हंय काय करतंस. वाचनालयात जातंय म्हटला की कोण काय बोलणा नाय."

कळशी भरून वाहत होती, माझं लक्ष नव्हतं. मी तरी या नोकरीला का लागले होते? पुस्तकांचं वेड वगैरे लोकांना सांगायला. लग्न ठरत नव्हतं, घरात दिवसभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वावरायचं, दारात उभी राहिले तरी आई आत बोलवायची. वाचनालयात एक खुर्ची होती आणि तिच्यावर बसलं की कोणी उठवत नव्हतं. एवढंच. आणि आता त्याच खुर्चीवर बसून मी...

तडक तात्यांच्या खोपीत गेले. म्हटलं, तात्या, मी बोलले ते विसरा, खोली मुलांकडेच राहू दे.
"आता कसा गो? खोली दिलंय बोटवाल्यांक. सीझन इलो, त्येंका पाण्यातली जॅकेटां ठेवूक जागा होई होती. हंय येवच्या आधीच पोरांका सांगलंय, सामान काढा म्हणान."
"माझं नाव सांगितलंत?"
"मगे? तूच सांगलंस मां? म्हटलंय, ग्रंथपाल बायच नको म्हणता, माझो काय इलाज नाय."

म्हणजे चार तारखेपासून मुलांना माहीत होतं. ती कुजबुज, त्या पेट्या. मी परीक्षा समजले, सुख समजले! आणि तरी माझ्यासाठी खुर्चीवर चादर घातली पोरांनी.

दुर्वाला गाठलं. तुला माहीत होतं?
"होता."
मग ते कोंबडे, कुत्रे, पुस्तकं एकटी...
"ता लोकांका सांगाक. आमची सगळ्यांची पुस्तकां अर्धी वाचान ऱ्हवली होती, ताई. खोली गेली की मगे आमका येवक कोण दितलो? म्हणान हंय हाडली. तीन दिसांत संपवतलंव असा ठरवला."

रागावली असती तर बरं झालं असतं. इतकं वाईट मला गेल्या कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

१० डिसें.
कौल झाला. देवाने परत यायला सांगितलं. ढोल. खोपी उतरवल्या, राख विझवली, कोंबड्या मोजल्या.

वाचनालयाच्या पायरीवर पेट्या रचून ठेवलेल्या, मी पोचायच्या आधी. पुस्तकं झटकलेली, एकही कमी नाही. वर कॅरम. त्याच्यावर पाटी, चिखल पुसून. मुलं नव्हती.

एका पुस्तकात निम्म्यावर माडाचा हीर, झावळीची काडी, खूण म्हणून घातलेला. दुर्वाचं. तिचा सगळा वेळ दुसऱ्यांना वाचून दाखवण्यात गेला.

१२ डिसें.
आजचा धक्का: शांतता.

मागच्या खोलीला बोटवाल्यांचं नवीन कुलूप. पुढे पेपर उलटल्याचा आवाज ऐकू येतो. नळ गळतो तेही ऐकू येतं. दाजींना झोप लागेना. दोनदा कूस बदलली खुर्चीत, शेवटी पेपर घडी करून म्हणाले, "मेल्यासारख्या वाटता गो." आणि लवकर घरी गेले.

संध्याकाळी दाराकडे बघत बसले. कोणी नाही.

१३ डिसें.
दुर्वाच्या घरी गेले. आई अंगणात काजूबिया निवडत होती. पाट दिला, गूळपाणी दिलं. दुर्वा आत होती, भांड्यांचा आवाज येत होता. बाहेर आली नाही.

म्हटलं, पाठवा तिला संध्याकाळी. मागची खोली नसली तरी पुढे बसू दे, माझ्यासमोर.
"नको गो बाय. वाचनालयातसून काढल्यानी म्हणान गावभर झाला. माझ्या चेडवान काय केल्यान असात, असा लोक इचारतत. घराकडेच बरी. अभ्यास करीत, नायतर वेंगुर्ल्याक मावशीकडे धाडतलंय."

काढलं? तिला काढलं? मी घसा कोरडा करून सांगितलं, पोरीने काही केलं नाही, मीच तक्रार केली होती, चुकलं माझं. ती माऊली मान हलवत राहिली. पण गावात एकदा बोललं गेलं ते मी एका अंगणात बोलून कसं पुसणार?

निघताना ते पुस्तक ओट्यावर ठेवलं, हिरासकट. नोंद केली नाही.

१४ डिसें.
समितीला सांगून उपयोग नाही. खोली गेली ती गेली. पण पुढची खोली कोणाची? तिथे आवाज नको हा नियम समितीचा नाही. वाचनालयाच्या घटनेत बघितलं, कुठेच नाही. माझाच. पाटीसुद्धा माझीच.

वहिनी म्हणाली, "आता तरी शाणपण इला." मी दोन घास जास्त जेवले.

१६ डिसें.
संध्याकाळी पुढची दारं-खिडक्या सगळ्या उघडल्या, रस्त्याकडच्याही. मधल्या टेबलावरची मासिकं उचलली, कॅरम मांडला. पाटी मागे संडासाच्या दारावर लावून आले. तिथे शोभते.

दाजी चष्म्यावरून बघत होते. "शालन, तुका बरा आसा मां?"
म्हटलं, बसा समोर.
"माका झोप..."
"झोप घरी. बसा."

मला खेळता येत नाही. पहिला स्ट्रायकर टेबलाखाली गेला. दुसरा दाजींच्या पोटावर. पण आवाज छान येतो, ठाक्क असा, थेट रस्त्यापर्यंत जातो. दाजींना रंग चढला. "राणी माझी हां, आधीच सांगतंय!" मग फाऊलवरून भांडण. ते खोटं बोलतात खेळताना, हा आणखी एक धक्का. मीही सोडलं नाही. रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले.

तात्या आलेच. दारात छत्री टेकून उभे. "हो कसलो आवाज?"
"वाचनालयाचा."
"सभा बोलवूची लागतली, शालन."
"बोलवा. इथेच बोलवा, जागा आहे."
दारातूनच परत फिरले. चपला काढल्या नव्हत्या, त्यावरून कळलं, बसायचं नव्हतंच त्यांना. सभेत काय होईल सांगता येत नाही. नोकरीचंही सांगता येत नाही. मीच म्हणाले होते ना, मला मोकळं करा.

दिवे लागायच्या वेळेला दुर्वा दुधाची किटली घेऊन रस्त्याने चालली होती. कुंपणाशी थांबली. मी बघितलं, तिनेही बघितलं. हाक मारली असती तर आवशीचं नाव सांगून निघून गेली असती, म्हणून मारली नाही. तेवढ्यात दाजींनी राणी घातली, वर कव्हर, आणि माझ्या तोंडून एकदम निघालं, "व्हय म्हाराजा!"

कुंपणाबाहेरून हसू ऐकू आलं. चांगलं मोठ्याने.

आत आली नाही. दूध घरी पोचवायचं असेल. वळणावर जाऊन एकदा मागे बघितलं तिने.

पावडर संपत आलीय. उद्या मोठा डबा आणायचा.